पदवीच्या वर्गातून आंतरराष्ट्रीय परिषदेकडे: पहिल्यांदा संशोधन मांडणाऱ्यांसाठी

प्रोजेक्ट चांगला झाला, गाईड मॅडम म्हणाल्या, "हे बाहेर कुठेतरी पाठवा," आणि त्यापुढे काय करायचं हे कॉलेजात कोणालाच नीट सांगता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत असं होतं. पेपर छापलेले प्राध्यापक असतात, पण पदवीच्या विद्यार्थ्याला परदेशातल्या परिषदेला पाठवण्याची वाट फारशी मळलेली नसते. बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम., बी.ई., बी.फार्म. यांपैकी काहीही करत असाल, तरी कामाचा क्रम साधारण तोच राहतो. तो इथे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. परिषदेला जायचं ते तुमच्याच प्रश्नावर डोकं घालणारी माणसं भेटावीत म्हणून. ती तुमच्या कामाला जे प्रश्न विचारतील, ते कॉलेजात कोणी विचारणार नाही. कोणती परिषद निवडायची, भाषण द्यायचं की पोस्टर लावायचं, किती खर्च करायचा, हे सगळं या एका कसोटीवर ठरवा. प्रमाणपत्र आणि फोटो सगळीकडेच मिळतात.

आधी काम तपासा

तुमचा प्रश्न काय होता, त्याचं उत्तर शोधायला तुम्ही नेमकं काय केलंत आणि काय सापडलं, हे तीन-चार वाक्यांत मराठीत सांगून बघा. ऐकणारा तुमच्या विषयातला नसावा. त्याला कळलं तर काम मांडण्याच्या टप्प्यावर आलं असं समजा. 'आम्ही एक ॲप बनवलं' किंवा 'आम्ही अमुक विषयाचा अभ्यास केला' एवढ्यावरच गाडी थांबत असेल, तर प्रश्न अजून सापडायचा आहे. परिषद पुढच्या वर्षीही भरणार असते.

सरावासाठी आपल्याकडे 'आविष्कार' आहे. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून सुरू आहे आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. पोस्टरसमोर उभं राहून परीक्षकांना उत्तरं देण्याची सवय तिथे लागते. कॉलेज, जिल्हा, विद्यापीठ अशा पायऱ्या चढताना कामातल्या फटीही दिसतात. परदेशी जाण्याआधी एकदा तरी आविष्कारमधून जावं, असं माझं ठाम मत आहे.

गटाचा प्रोजेक्ट असेल तर आणखी एक गोष्ट याच वेळी मिटवा. इंजिनिअरिंगला चौघांचा गट असतो, पण जाणारा बहुतेक वेळा एकच असतो. नावांचा क्रम काय, कोण जाणार, कोणाचा खर्च कुठून येणार, हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट (कामाचा छोटा सारांश) पाठवण्याआधी गाईडच्या समोर बसून ठरवा आणि ईमेलवर लिहून ठेवा. ज्यांनी कामात हातभार लावला त्या सगळ्यांची नावं आली पाहिजेत. ज्यांनी नाही लावला त्यांची येऊ नयेत. पेपर स्वीकारला गेल्यावर हा विषय काढला की मैत्री तुटते.

माणसांकडून सर्वेक्षण, मुलाखती किंवा वैद्यकीय माहिती घेतली असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधीची लागते. नंतर मागून ती मिळत नाही. आणि पेटंट घ्यायचा विचार असेल, तर आधी कॉलेजच्या पेटंट कक्षात जा. सगळ्यांसमोर मांडलेली कल्पना बहुतेक देशांत 'नवीन' धरली जात नाही.

खरी परिषद कशी ओळखायची

इथे मी सविस्तर लिहितो, कारण विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

नावात 'इंटरनॅशनल' लावायला कोणाची परवानगी लागत नाही. पैसे उकळण्यासाठी परिषदा भरवणाऱ्या मंडळींचा मोठा धंदा आहे. त्यांची मेल स्वतःहून येते, 'आदरणीय प्राध्यापक' म्हणून तुम्हाला संबोधते आणि तुमच्या कामाची तोंड भरून स्तुती करते. एकाच परिषदेत इंजिनिअरिंग, वैद्यक, व्यवस्थापन, साहित्य असं सगळं असतं. तीच संस्था त्याच महिन्यात दुबई, बँकॉक, सिंगापूर आणि पॅरिसमध्येही परिषद घेत असते आणि वेबसाइटवर फक्त शहराचं नाव बदललेलं असतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवलं की दोन दिवसांत 'स्वीकारलं' असं उत्तर येतं, सोबत पैसे भरायची लिंक. कोणी वाचून काढलेली एक चूक, मागितलेलं एक स्पष्टीकरण, यांतलं काहीच नाही. ज्यांनी तुमचं काम वाचलंच नाही, ते तिथे तुम्हाला कसला प्रश्न विचारणार?

तपासायचं कसं? मागच्या दोन-तीन वर्षांचे कार्यक्रम वेबसाइटवर आहेत का ते बघा. समितीतल्या चार जणांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. त्यांनी स्वतःच्या माहितीत या परिषदेचा उल्लेख केला आहे का ते पाहा. शंका असेल तर त्यांना सरळ मेल करा, त्यात संकोच नको. 'थिंक. चेक. अटेंड.' नावाची एक प्रश्नावली इंटरनेटवर फुकट मिळते, ती गाईडबरोबर बसून भरा.

शोधायची दिशा मात्र उलटी ठेवा. मेलची वाट बघू नका. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटी जी संदर्भयादी आहे, तिच्यातले पेपर कुठे सादर झाले होते ते बघा. ज्या परिषदेचं नाव दोन-तीनदा दिसतं, ती तुमची. तिथली माणसं तुमच्या प्रश्नावर काम करतात हे तिथेच सिद्ध झालं.

मुख्य परिषद फार अवघड वाटली तर तिच्याबरोबर भरणाऱ्या कार्यशाळा आणि विद्यार्थी सत्रं बघा. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब या गटाबरोबर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी मराठीसाठी 'महाएनईआर' हा डेटासेट केला. बातम्यांतल्या वाक्यांत व्यक्ती, ठिकाण, संस्था अशी नावं ओळखायला संगणकाला शिकवणारा. तो २०२२ मध्ये एलआरईसी या भाषातंत्रज्ञानाच्या परिषदेबरोबरच्या, भारतीय भाषांसाठीच्या कार्यशाळेत मांडला गेला. मराठीवर काम करणाऱ्याला याहून योग्य श्रोते क्वचितच मिळतील.

संगणकशास्त्रात एसीएम या जागतिक संघटनेच्या अनेक परिषदांत 'स्टुडंट रिसर्च कॉम्पिटिशन' असते आणि तिच्यात पदवीचा गट वेगळा असतो: आधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग पोस्टर, निवड झाली तर भाषण. भाषातंत्रज्ञानाच्या एसीएल परिषदेत विद्यार्थ्यांची स्वतंत्र कार्यशाळा असते आणि तिथे पेपर पाठवण्याआधीच अनुभवी संशोधक मसुदा वाचून सल्ला देतात. ही सोय जरूर घ्या. जीवशास्त्रात गटाने काम करायची तयारी असेल तर आयजेम ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. २०२२ पासून तिचा अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या परिषदाही आहेत. ब्रिटनमधलं वॉरविक आणि ऑस्ट्रेलियातलं मोनाश या विद्यापीठांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'आयसीयूआर' परिषदेत वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी व्हिडिओने जोडलेल्या सत्रांत आपलं काम मांडतात. पदवी संशोधनाची जागतिक परिषद २०१६ मध्ये दोहाला आणि २०१९ मध्ये जर्मनीतल्या ओल्डनबुर्गला झाली होती.

आणि भारतात भरणाऱ्या खऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदांना कमी लेखू नका. जगभरातले तुमच्या विषयातले लोक मुंबईला, पुण्याला, बंगळुरूला किंवा गोव्याला येणार असतील, तर रेल्वेच्या तिकिटात तेच श्रोते मिळतात. पहिल्या वेळेसाठी मी हेच सुचवेन.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट

बहुतेक ठिकाणी २५० ते ३०० शब्द मागतात. त्यातले निम्मे शब्द 'आजच्या युगात तंत्रज्ञानाचे महत्त्व' यावर खर्च झालेले मी वाचले आहेत, आणि त्यात चांगलं काम झाकून गेलेलं पाहून वाईट वाटतं. पार्श्वभूमी दोन वाक्यांत संपवा. तिसऱ्या वाक्यात प्रश्न आला पाहिजे. मग तुम्ही केलेलं काम, आकड्यांसह. महाएनईआरचंच बघा: हाताने खुणा केलेली २५,००० वाक्यं, नावांचे आठ प्रकार. एवढं वाचलं की कामाचा आवाका कळतो. 'मोठा डेटासेट तयार केला' यातून काही कळत नाही. तुमच्याकडे चाळीसच विहिरींच्या पाण्याचे नमुने असतील, तर चाळीस लिहा. लहान आकडा लपवू नका. परीक्षक तोच शोधत असतो. शेवटी निष्कर्ष आणि त्याची मर्यादा.

शीर्षकात विषय सांगण्यापेक्षा जे सापडलं ते सांगता आलं तर जास्त चांगलं.

आपलं नाव कसं लिहायचं हे याच वेळी ठरतं. आपल्या नावात वडिलांचं नाव मधे येतं आणि पासपोर्टवर ते कुठल्या रकान्यात गेलंय यावर पुढचा बराच त्रास अवलंबून असतो. परिषदेची नोंदणी आणि निमंत्रणपत्र यांवर पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव द्या. पेपरवर लहान रूप चालतं, पण एकदा ठरवलेलं रूप जन्मभर ठेवा. ओआरसीआयडी हा संशोधकाच्या ओळखीचा क्रमांक फुकट मिळतो. तो घेतला की 'एस. पाटील' नावाच्या शेकडो लोकांत तुम्ही हरवत नाही. कॉलेज आणि विद्यापीठाचं इंग्रजी स्पेलिंग ऑफिसमधून लिहून घ्या.

डेडलाइनपुढे 'एओई' अशी अक्षरं असतील तर तारीख पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे संपते तिथली वेळ धरतात. आपल्या घड्याळात ती दुसऱ्या दिवशीची संध्याकाळचे ५ वाजून २९ मिनिटं. हा जास्तीचा वेळ मिळाला म्हणून त्याच्यावर विसंबू नका. शेवटच्या तासात वेबसाइट बसते.

भाषण की पोस्टर?

निवड तुमच्या हातात असेल तर पहिल्यांदा पोस्टर घ्या. भाषणात बारा मिनिटं तुम्ही बोलता, तीन मिनिटं प्रश्न, आणि पुढचा वक्ता. पोस्टरसमोर दोन तास माणसं येत राहतात, थांबतात, बोट ठेवून विचारतात. ज्यासाठी जायचं ते पोस्टरपाशी जास्त मिळतं.

पोस्टरचा आकार परिषद कळवते. बऱ्याचदा ए-झिरो असतो, म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर; उभा की आडवा ते नीट वाचा. मजकूर दीड मीटरवरून वाचता यावा. सगळा रिपोर्ट त्यावर उतरवू नका. मधोमध एक मोठी आकृती असावी, जिच्यावर बोट ठेवून तुम्ही दोन मिनिटांत सगळी गोष्ट सांगू शकाल. गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे पोस्टर छान छापून मिळतं, पण फाइल पीडीएफच द्या. मराठी मजकूर किंवा उदाहरणं असतील तर पीडीएफमधली जोडाक्षरं एकेक करून तपासा. सॉफ्टवेअर बदललं की 'क्ष', 'र्य', 'ट्र' फुटतात आणि तिथल्या कोणाला ते कळणार नाही, पण तुम्हाला दोन तास टोचत राहील. कापडावर छापलं तर घडी घालून बॅगेत बसतं. कागदाचं असेल तर नळी हातातल्या सामानात ठेवा.

भाषण असेल तर मिनिटाला एक स्लाइड यापेक्षा जास्त नको. प्रत्येक स्लाइडला क्रमांक द्या, म्हणजे विचारणाऱ्याला 'सातवी दाखवा' असं म्हणता येतं. विचारले जातील असं वाटतं ते तपशील शेवटच्या स्लाइडनंतर वेगळ्या स्लाइडवर तयार ठेवा.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. परिषदेतल्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. जपानी, ब्राझिलियन, इटालियन सगळे आपापल्या उच्चारांत बोलतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. भाषण पाठ करू नका, कारण एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं जातं. पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन तेवढी पक्की असू द्या. मधलं आकृत्यांकडे बघून लहान वाक्यांत सांगा. हळू बोला.

सराव मोठ्याने करा. आधी मित्रांसमोर, मग डिपार्टमेंटमध्ये, मग दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांसमोर. त्यांना सांगा की कौतुक नको, प्रश्न विचारा. आलेले प्रश्न वहीत लिहा. परिषदेत त्यांतले बरेच पुन्हा येतात.

प्रश्न समजला नाही तर 'कुड यू प्लीज रिपीट?' म्हणण्यात कमीपणा नाही. उत्तर माहीत नसेल तर 'आम्ही ते तपासलेलं नाही, पण असं तपासता येईल' हे चांगलं उत्तर आहे. ओढूनताणून दिलेलं उत्तर जाणत्या माणसाला लगेच कळतं. आणि प्रश्न तुमच्याकडे आला तर उत्तर तुम्हीच द्या. गाईड शेजारी असल्या तरी त्यांच्याकडे वळून बघू नका.

पैसे

खर्च सहा ठिकाणी होतो: नोंदणी, व्हिसा, विमा, विमान, राहणं, खाणं-फिरणं. सगळ्यांची बेरीज मांडून मगच घरी बोला.

आयोजकांना पहिली मेल नोंदणी-माफी आणि प्रवास अनुदानासाठी करा. अनेक परिषदांत विद्यार्थ्यांसाठी पैसे राखून ठेवलेले असतात, पण मुदत लवकर संपते आणि मागितल्याशिवाय मिळत नाहीत. काही परिषदांत स्वयंसेवक म्हणून काही तास काम केलं तर नोंदणी माफ होते, ओळखीही होतात. संगणकशास्त्रात एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (संगणकशास्त्रातल्या संशोधनाची भारतीय संघटना) यांची प्रवास अनुदानं आहेत. कॉलेजचा संशोधन निधी, विद्यापीठाचं विद्यार्थी विकास मंडळ, माजी विद्यार्थी संघ, गावातला रोटरी क्लब किंवा पतसंस्था, सगळीकडे अर्ज करा. अर्जासोबत स्वीकृतीचं पत्र, खर्चाचा तक्ता आणि कामाचा एक पानी मराठी गोषवारा जोडा. तो गोषवारा मंडळाच्या बैठकीत खरोखर वाचला जातो.

कर्ज काढून जाऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. पैसे जमले नाहीत तर आयोजकांना ऑनलाइन मांडता येईल का विचारा. न कळवता गैरहजर मात्र राहू नका: आयट्रिपलई ही अभियंत्यांची जागतिक संघटना आपल्या परिषदेत न मांडलेला पेपर संग्रहातून वगळू शकते.

पासपोर्ट, व्हिसा आणि परीक्षा

पासपोर्ट आजच काढायला टाका, अजून परिषद ठरली नसली तरी. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे. तत्काळसाठी २,००० जास्तीचे.

युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि किमान १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण कधी ४५ दिवसही लागतात. किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. अमेरिकेसाठी डीएस-१६० अर्ज भरून मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखत असते आणि तिची तारीख मिळायला कधी कधी महिने जातात. म्हणून स्वीकृती आली त्याच दिवशी आयोजकांकडे निमंत्रणपत्र मागा. मुलाखतीत काय काम केलं हे विचारतात; मित्रांसमोर सांगितलेली ती तीन-चार वाक्यं इथे इंग्रजीत उपयोगी पडतात.

कागदपत्रांत कॉलेजचं बोनाफाईड, प्राचार्यांची एनओसी, पालकांची बँक स्टेटमेंट्स आणि आयकर विवरणपत्र लागतं. घर शेतीवर चालत असेल आणि विवरणपत्र नसेल, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि पालकांचं खर्चाची जबाबदारी घेणारं पत्र जोडा, सगळ्यांच्या इंग्रजी भाषांतरासह. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

विद्यापीठाची परीक्षा त्याच तारखांना येते का ते आधी बघा. जून-जुलैच्या परिषदा आणि लांबलेल्या सेमिस्टर परीक्षा यांची टक्कर नेहमीची आहे. प्रात्यक्षिकाची तारीख कॉलेजच्या पातळीवर बदलून मिळू शकते, लेखी परीक्षेची मिळेल असं धरून चालू नका.

सामानात माती, बिया, वनस्पती किंवा पाण्याचे नमुने नेऊ नका, फोटो पुरतात. घरून प्रेमाने दिलेले पेढे आणि तूपही युरोपात नेता येत नाही, तिथे बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

तिथे पोहोचल्यावर

पहिल्या दिवशी तुमचं सत्र नसलं तरी लवकर जा. सभागृह, प्रोजेक्टर, पोस्टरची जागा बघून घ्या. कार्यक्रमपत्रिकेत ज्यांचे पेपर तुम्ही वाचलेत अशा चार-पाच जणांची नावं आदल्या रात्री काढून ठेवा आणि चहाच्या वेळेत त्यांना गाठा. 'तुमच्या २०२१ च्या पेपरमधली पद्धत आम्ही आमच्या नमुन्यांवर वापरली, तिथे असं झालं' एवढ्यावर संभाषण सुरू होतं. मोठी माणसं अशा विद्यार्थ्याशी आनंदाने बोलतात. आपल्याकडच्या लोकांच्याच घोळक्यात जेवायला बसायचा मोह होतो. निदान दुपारचं जेवण तरी अनोळखी टेबलावर घ्या.

पोस्टरपाशी एक वही ठेवा. कोणी विचारलं, काय विचारलं, कोणता पेपर वाचायला सांगितला, सगळं लगेच टिपा.

परत आल्यावर आठवड्याच्या आत त्या सगळ्यांना दोन ओळींची मेल करा, सोबत पोस्टरची पीडीएफ. बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं आणि उपस्थितीचं पत्र मूळ प्रतींत जपून ठेवा, कारण कॉलेजचं ऑफिस झेरॉक्सवर पैसे देत नाही. अनुदान देणाऱ्यांना अहवाल पाठवा. मग ती वही घेऊन गाईडसमोर बसा आणि तिच्यातल्या कोणत्या प्रश्नांना पुढच्या सेमिस्टरमध्ये उत्तर देता येईल ते ठरवा.